नाईक यशवंत घाडगे, व्हीसी : १० जुलै १९४४ ची नीट नोंद (आणि गावच्या शिपायाचा माग कसा काढायचा)

रानवाट

नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयी जालावर मजकूर भरपूर आहे, पण त्यातला बराच एकमेकांची नक्कल. कुठे ते कासिनोच्या लढाईत पडले असे लिहिलेले असते, कुठे पलटणीचा क्रमांक चुकतो, कुठे त्यांच्यात आणि मराठा पलटणीच्याच दुसऱ्या व्हीसी विजेत्यात, नामदेव जाधवांत, गल्लत होते. म्हणून हा धागा. आधी जे पक्के आहे ते मांडतो, पुढे जाणकारांनी भर घालावी.

जन्म १६ नोव्हेंबर १९२१, पळसगाव, तालुका माणगाव. जिल्हा तेव्हाचा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ मधले, त्यामुळे जुन्या कागदात रायगड शोधाल तर काहीच हाती लागणार नाही. पलटण ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, हुद्दा नाईक, काम सेक्शन कमांडरचे. मृत्यू १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी, ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक) मरणोत्तर. लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश राजपत्रात, २ नोव्हेंबर १९४४ ला प्रसिद्ध. पदक त्यांच्या पत्नीने व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते स्वीकारले. माणगावात तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे.

काही ठिकाणी २ नोव्हेंबर हीच मृत्यूची तारीख म्हणून छापलेली दिसते. ती राजपत्राची तारीख आहे.

धाग्यात जयघोष नको, माहिती द्या.

---

जुनी_पलटण

चांगला विषय. पलटणीच्या क्रमांकापासून सुरुवात करू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

३/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. १९२२ च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एकत्र करून '५वी मराठा लाइट इन्फंट्री' केली गेली. १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५, आणि ११४ झाली १०/५, म्हणजे बेळगावची प्रशिक्षण बटालियन. तिरक्या रेषेच्या आधी बटालियन, नंतर रेजिमेंट. आज कुणी '५ मराठा' म्हणाले तर तो बटालियनचा क्रमांक, तेव्हाच्या कागदातला '५वी मराठा' हा संपूर्ण रेजिमेंटचा. रेजिमेंटच्या नावापुढचा ५ पुढे १९४५ मध्ये गेला आणि स्वातंत्र्यानंतर इंग्रजी स्पेलिंगही बदलले. जुन्या कागदांत 'मराठा' शब्दात एच आधी येतो आणि टी दोन असतात. जुन्या नोंदी शोधताना तसेच टाका.

दुसरी अडचण मोठी. घाडग्यांची पलटण शोधायला आज कुणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनांची यादी चाळली तर ती तिथे नाहीच. महायुद्ध संपल्यावर ३ मराठा छत्रीधारी झाली, १९४७-४८ मध्ये ५० पॅरा ब्रिगेडमधून नौशेरा-झांगरच्या लढायांत होती, आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची २री बटालियन बनली. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या टांगाइलला छत्रीने उतरलेली ती हीच २ पॅरा. ११० व्या मराठापासूनचा वारसा ती सांगते.

(अवांतर: मराठ्यांची आणखी एक बटालियन पुढे त्याच वाटेने गेली, २१ मराठा १९९६ मध्ये २१ पॅरा एसएफ झाली. दोन्हींत गल्लत करू नका.)

---

नकाशावेडा

कासिनोचा घोळ कुठून आला ते सरळ आहे. घाडग्यांचे ज्ञात थडगे नाही. इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि थडगे ज्ञात नसलेल्या चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे एकाच ठिकाणी कोरली आहेत, ते म्हणजे कासिनो मेमोरियल. सिसिलीपासून उत्तरेच्या आल्प्सकडच्या आघाडीपर्यंत माणूस कुठेही पडला असो, नाव कासिनोला. स्मारकाचे ठिकाण आणि मृत्यूचे ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तारखा जुळवून पाहा. कासिनोचा मठ १८ मे १९४४ ला पडला. रोम ४ जूनला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरुजा. तिथून १०वी भारतीय डिव्हिजन टायबरच्या दोन्ही अंगांनी उत्तरेकडे सरकत होती. आधी उंबर्तिदे, मग मोन्तोने, आणि चित्ता दी कास्तेल्लो हाती आले २२ जुलैला. १० जुलै या दोन टोकांच्या मधला. म्हणजे कासिनोपासून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर दूर, आणि मध्ये रोम.

जमीन कशी आहे ते डोळ्यांसमोर आणल्याशिवाय लढाई कळत नाही. टायबर इथे अजून लहान नदी आहे, पात्रालगत सपाट शेते, पण दोन्ही बाजूंनी डोंगराच्या सोंडा थेट खाली उतरतात. मोन्तोने हे गाव अशाच एका टेकाडाच्या माथ्यावर, तटबंदीत. रस्ता खोऱ्यातून जातो, आणि रस्त्यावर नजर सोंडांवरून. त्यामुळे रणगाडे आणि गाड्या खाली अडकतात आणि एकेक सोंड पायदळाला हाताने घ्यावी लागते. जर्मन पद्धत अशी की प्रत्येक सोंडेवर थोडी माणसे, जास्त मशीनगन, आणि एकाच्या समोरचा भाग शेजारचा मोर्चा मारतो. एक मोर्चा घेतला तरी शेजारच्याच्या नेमात तुम्ही उभे.

---

दारूगोळा

राजपत्रातला परिच्छेद आठ-दहा ओळींचा आहे. त्यातला क्रम असा: कंपनीचा हल्ला. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा. कमांडर सोडून सगळे ठार किंवा जखमी. बरोबर यायला कुणी उरलेले नाही हे माहीत असूनही ते टॉमी गन (थॉम्पसन सबमशीनगन) चालवत मोर्च्यावर धावले. आधी ग्रेनेड टाकला, त्यात मशीनगन आणि चालवणारा निकामी. मग गनवरच्या एकाला टॉमी गनने मारले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. नंतर स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने घेतलेल्या त्याच मोर्च्यात ते मरण पावले.

यातला प्रत्येक तुकडा हत्यारांच्या हिशोबाने तपासता येतो, आणि तो बसतो.

सेक्शन म्हणजे कागदावर दहाच्या आसपास माणसे, लढाईत सात-आठच. त्यात एक ब्रेन गन (हलकी मशीनगन), तिच्यावर दोन-तीन माणसे आणि लान्स नाईक. बाकीचे .३०३ रायफलवाले. कमांडर नाईक, त्याच्याकडे टॉमी गन. शिकवलेली पद्धत अशी की ब्रेन एका बाजूने शत्रूचे डोके खाली दाबून ठेवते आणि रायफलवाले दुसऱ्या अंगाने चढतात. ब्रेन गप्प झाली की ही सगळी मांडणी कोसळते. मग दोनच वाटा, जमिनीला चिकटून राहणे किंवा धावणे. उघड्यावर मशीनगनच्या तोंडी चिकटून राहणे फार काळ चालत नाही.

जर्मन पायदळाकडे तेव्हा एमजी ४२ आणि थोड्या जुन्या एमजी ३४ असत. एमजी ४२ मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या सोडते, सेकंदाला २०. पन्नास गोळ्यांचा पट्टा अडीच सेकंदांत रिकामा. एक सेक्शन एकाच झोडीत कसे संपते याचे उत्तर यातच आहे. तिची दुखरी बाजू म्हणजे नळी लवकर तापते. दीड-दोनशे गोळ्या सलग झाल्या की नळी बदलावी लागते. सराव असेल तर काही सेकंदांचे काम, पण तेवढे सेकंद गन बंद. पट्टा संपला की पुन्हा तेच. मशीनगनवर धावणारा माणूस याच फटींवर जगतो.

ग्रेनेड क्रमांक ३६, मिल्स. वजन पाऊण किलोच्या वर, फेक २५ ते ३० मीटर, फ्यूज ४ सेकंदांचा. म्हणजे ग्रेनेड टाकण्याआधीच त्यांनी तीस मीटरच्या आतपर्यंतचे अंतर कापलेले होते. आणखी एक गोष्ट वाचताना सुटते. पिन ओढायला दुसरा हात लागतो, त्यामुळे टॉमी गन त्या वेळात चालवता येत नाही. पिन ओढणे, फेकणे आणि स्फोट, हे सहा-सात सेकंद त्या माणसाकडून गोळी सुटत नाही. या हल्ल्यातला सगळ्यात उघडा क्षण दस्त्याच्या मारामारीचा नाही, हा आहे.

---

तिरफळ

मॅगझीन बदलायला असा किती वेळ लागतो? चित्रपटात तर एका झटक्यात होते.

---

दारूगोळा

@तिरफळ, चांगला प्रश्न. टॉमी गनचे पेटी मॅगझीन २० किंवा ३० गोळ्यांचे. बंदुकीचा वेग मिनिटाला ७०० धरला तर २० गोळ्या पावणेदोन सेकंदांत आणि ३० गोळ्या अडीच सेकंदांत संपतात. धावत येताना थोड्या, ग्रेनेडनंतर थोड्या, एवढ्यात मॅगझीन संपणे अगदी साहजिक.

बदलण्याची पद्धत अशी: डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबून रिकामे मॅगझीन खाली ओढायचे, छातीवरच्या कॅनव्हासच्या पाऊचचे झाकण उघडून नवे काढायचे, खाचेत नीट बसवून वर ढकलायचे. सरावलेल्या माणसाला चार-पाच सेकंद, तेही हात थरथरत नसतील, पाऊचचे बटण अडले नसेल आणि मॅगझीनमध्ये माती गेली नसेल तर. समोर हाताच्या अंतरावर दोन माणसे असताना चार सेकंद कुणाकडे नसतात.

दस्ताच का, तर टॉमी गन रिकामी असतानाही पावणेपाच किलोच्या आसपास भरते आणि मागे भरीव लाकडी दस्ता. नळीकडून धरली की वजन टोकाला जाते. हेच स्टेन (स्वस्तातली ब्रिटिश सबमशीनगन) असती तर मागे पातळ लोखंडी दांडी किंवा सांगाडा, मार बसला नसता. वायव्य युरोपात ब्रिटिश पायदळाच्या हाती स्टेन आली, इटलीतल्या आठव्या सैन्याने मात्र टॉमी गन शेवटपर्यंत ठेवली.

हिशोब आणखी एका जागी लागतो. ग्रेनेडने एक, गोळीने एक, दस्त्याने दोन, म्हणजे मोर्च्यात चार माणसे. "शेकडो जर्मन मारले" छापाचे जे फिरते त्याला मूळ कागदात आधार नाही. आणि चार हा आकडा एकट्या माणसासाठी कमी कोणत्या मापाने, ते लिहिणाऱ्याने सांगावे.

---

जुनी_पलटण

स्नायपरबद्दल थोडे. छातीत आणि पाठीत, दोन्हीकडून गोळ्या. नकाशावेडा यांनी वर म्हटले तसे शेजारचे मोर्चे एकमेकांना झाकतात. मोर्चा घेतल्यावरची शिकवण अशी की त्यात थांबायचे नाही. पुढे जाऊन पसरायचे, ब्रेन प्रतिहल्ल्याच्या दिशेला लावायची, जखमी मागे, दारूगोळा मोजायचा. कारण जर्मनांना स्वतःच्या हातून गेलेल्या मोर्च्याची जागा मीटरपर्यंत ठाऊक असते. पण हे सगळे करायला माणसे लागतात. इथे ब्रेन लावायला कुणी नाही, कडेला नजर ठेवायला कुणी नाही. मोर्चा जिंकणे आणि मोर्च्यात टिकणे यांत फरक पडतो तो इथे.

---

रानवाट

उत्तम. नामदेव जाधवांचाही खुलासा कुणीतरी करा, दोघांचे प्रसंग एकमेकांत मिसळलेले बरेच वाचले.

---

जुनी_पलटण

शिपाई नामदेव जाधव १/५ मराठाचे, डिव्हिजन आठवी, जागा सेनिओ नदी, तारीख ९ एप्रिल १९४५. घाडग्यांच्या नंतर नऊ महिन्यांनी. मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या, होते. दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले आणि मग एकट्याने तीन मशीनगन मोर्चे बंद केले. हाताला जखम झाल्याने टॉमी गन चालवता येईना, म्हणून ती टाकून ग्रेनेडवर आले. टॉमी गन निरुपयोगी होणे हा दुवा दोन्ही मानपत्रांत आहे आणि गल्लत बहुधा तिथूनच होते. एकाकडे गोळ्या संपल्या, दुसऱ्याचा हात गेला. जाधव वाचले, १९८४ मध्ये वारले.

इटलीत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले ६ भारतीय सैन्याला: कमल राम, यशवंत घाडगे, शेरबहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव. शेवटचे दोन एकाच दिवशी, एकाच नदीवर.

---

इटालियन_कट्टा

मोन्तोनेतल्या स्मारकाची नोंद राहिली. जुलै २०२३ मध्ये मोन्तोनेच्या नगरपालिकेने आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारले. त्यावर लॅटिन ओळ आहे, अर्थ असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक होते, ५,७८२ परतले नाहीत.

जाणार असाल तर: मोन्तोने पेरुजा प्रांतात, उंबर्तिदेच्या थोडे उत्तरेला. गाडी लागतेच. कासिनो वेगळ्या दिशेला, रोमच्या दक्षिणेस, रोमहून रेल्वेने सुमारे दोन तास. एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका.

कासिनोला नाव शोधताना लोक आडनावाच्या अक्षराने शोधतात आणि सापडत नाही म्हणून परततात. स्मारक युद्धदफनभूमीच्या आतच आहे, लांबट हौदाच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराच्या उभ्या शिळा. नावे आधी रेजिमेंटनुसार, रेजिमेंटमध्ये हुद्द्यानुसार, आणि हुद्द्यात अक्षरानुसार. म्हणजे आधी ५वी मराठा, मग नाईक, मग घाडगे. निघण्याआधी शिळेचा क्रमांक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरून टिपून घ्या.

---

तिरफळ

थडगे नाही असे म्हणता, पण हिंदू सैनिकांना दहन द्यायचे ना? मग थडगे नसणारच की.

---

नकाशावेडा

दोन वेगळ्या नोंदी आहेत. ज्यांचे दहन झाले आणि तशी नोंद राहिली त्यांची नावे क्रिमेशन मेमोरियलवर असतात. इटलीत फोर्ली इथल्या भारतीय दफनभूमीत असे स्मारक आहे, जवळपास ८०० नावे. सांग्रो नदीजवळच्या स्मारकावर ५०० हून अधिक. कासिनो मेमोरियल हे ज्यांच्या अंतिम जागेची नोंदच नाही त्यांचे. शिवाय हिंदू शिपायाचे दफन झाल्याचीही उदाहरणे आहेत. आघाडीवर चितेला लाकूड नसते आणि धूर दिसला की तोफा लागतात. म्हणून आपला माणूस शोधताना धर्मावरून स्मारक गृहीत धरू नका.

---

कागदी_घोडा

धाग्याचा दुसरा अर्धा भाग माझ्या आवडीचा. व्हीसी मिळालेल्यांवर निदान एक परिच्छेद तरी छापला गेला. माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, सातारा, कोल्हापूर इथून गेलेल्या बाकीच्यांचे काय? त्यांचा माग लागतो, पण क्रम पाळला तर.

सुरुवात घरच्या कागदांपासून. हवा तो सेवा क्रमांक. मृत्यूची तार, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरची पावती, जुने पत्र, यांपैकी कशावरही असू शकतो. नावावर भिस्त ठेवू नका. एकाच पलटणीत सात 'पांडुरंग शिंदे' निघाले तर नवल नाही. क्रमांक एकच.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा शोध. फुकट आहे. तिथे चुकते ते असे.

लिपिकाने जसे ऐकले तसे लिहिले. घाडगे, घाटगे, घाडगी. पवारचे पोवार, चव्हाणचे चवान, सावंतला व्ही की डब्ल्यू. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे टाका, बाकीचे मोकळे सोडा आणि रेजिमेंटचा गाळणा लावा. पुष्कळदा शिपायाचे पहिले नावच आडनावाच्या रकान्यात असते, म्हणून 'यशवंत' आडनाव समजूनही शोधा. 'राव' लावू नका, फौजेच्या पटावर तो नसतो.

गाव 'अधिक माहिती' या रकान्यात असते, अमक्याचा मुलगा, अमके गाव, तालुका, जिल्हा अशा क्रमाने. जिल्हे त्या काळचे: कुलाबा, रत्नागिरी (सिंधुदुर्ग त्यातच), सातारा. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी ही संस्थाने होती, त्यामुळे जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव येऊ शकते.

तारखेची मर्यादा लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, पहिल्यासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. या काळात सेवेत असताना आजाराने किंवा अपघाताने गेलेलाही यादीत असतो. १९४६ मध्ये देवळालीच्या इस्पितळात वारला म्हणून तो यादीत नसेल असे समजू नका.

आणि स्मारक कुठे असेल याचा अंदाज मोहिमेवरून बांधता येतो. ब्रह्मदेश म्हणजे रंगूनचे तौक्यान, सुमारे २७,००० नावे. मलाया आणि युद्धकैदी म्हणजे सिंगापूर. इरिट्रिया म्हणजे केरेन. वाळवंट म्हणजे अलामीन. भारतातच वारलेल्यांसाठी दिल्ली आणि कराचीचे १९३९-४५ स्मारक, त्याच्या नोंदवहीत २५,००० हून अधिक नावे. 'नाव कुठेच नाही' म्हणणाऱ्यांनी ही नोंदवही बहुतेक वेळा पाहिलेली नसते.

---

तिरफळ

गावातली शिळा उपयोगी पडेल का? "या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले" अशी संगमरवरी पाटी बऱ्याच गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत असते.

---

कागदी_घोडा

ती पहिल्या महायुद्धाची, १९१४-१९१९. त्यावर फक्त आकडे, किती गेले आणि किती मेले. नावे नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या माणसासाठी त्या पाटीचा उपयोग नाही. लोक मात्र आजोबांचे नाव त्या आकड्यात जोडतात आणि १९४४ चा माणूस १९१६ च्या मेसोपोटेमियात जातो.

---

नकाशावेडा

वॉर डायरीबद्दल मी लिहितो. प्रत्येक बटालियनची महिन्याची रोजनिशी असते. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६९ आणि डब्ल्यूओ १७० या मालिका आहेत. भारतीय पलटणींसाठी दोन्ही तपासा, एकीत नाही म्हणून थांबू नका.

अपेक्षा बेताची ठेवा. डायरी लिहिणारा अधिकारी अधिकाऱ्यांची नावे लिहितो, शिपायांचे आकडे. 'इतर हुद्दे : ठार ३, जखमी ११' एवढेच. आपल्या माणसाचे नाव सापडणार नाही, पण तो ज्या दिवशी पडला त्या दिवशी कंपनी कुठे होती, हल्ला किती वाजता सुटला, तोफांचा मारा होता का, हे सापडते. मागची परिशिष्टे आधी उघडा. हल्ल्याचे आदेश आणि नकाशे तिथे असतात.

जागा सहा आकड्यांत दिलेली असते. पहिले तीन पूर्वेकडचे, पुढचे तीन उत्तरेकडचे, मिळून १०० मीटरचा चौकोन. हे अक्षांश-रेखांश नाहीत. ते तसेच फोनच्या नकाशात टाकले तर समुद्रात पोहोचाल. तेव्हाच्या इटलीच्या लष्करी ग्रिडमधून रूपांतर करावे लागते, त्यासाठी जालावर रूपांतरक आहेत. कोणते ग्रिड ते नकाशाच्या पत्रकावर छापलेले असते. पत्रकाचा क्रमांक टिपला नाही तर तेच सहा आकडे दर १०० किलोमीटरला पुन्हा येतात.

---

जुनी_पलटण

पदके असतील तर तीही बोलतात. इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. तो ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ मधल्या मोहिमेसाठी. आफ्रिका स्टार वाळूच्या रंगाचा, मध्ये रुंद लाल पट्टा. घरात फक्त आफ्रिका स्टार असेल आणि कुणी 'इटलीत पडले' म्हणत असेल तर पुन्हा तपासा. '१९३९-४५ स्टार'साठी साधारण सहा महिन्यांची मोहिमेतली सेवा लागे, पण सेवेत मृत्यू आला तर ती अट राहत नसे. त्यामुळे आघाडीवर थोडेच दिवस काढलेल्याच्या घरीही तो स्टार असतो.

खुद्द व्हीसीवर मात्र सगळे कोरलेले असते. वरच्या आडव्या पट्टीच्या मागे हुद्दा, नाव, पलटण आणि क्रॉसच्या मागे कृत्याची तारीख. भारतीय सैनिक व्हीसीला पात्र ठरले १९११ पासून.

मिलिटरी मेडल, आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) यांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये आहेत, पैसे भरून उतरवून घेता येतात. छापील अर्ज असतो, त्यात ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कृत्याची तारीख आणि खाली शिफारस करणाऱ्यांच्या सह्या. राजपत्रात जिथे नुसते नाव येते तिथे या अर्जात पूर्ण प्रसंग असतो.

---

रानवाट

भारतातले कागद? बेळगावला लिहून काही होते का?

---

कागदी_घोडा

होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावलाच. अर्ज साध्या कागदावर, पण त्यात सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, त्या काळचे गाव-तालुका-जिल्हा, बटालियन, मृत्यूची तारीख आणि तुमचे नाते. नात्याचा पुरावा जोडा, कारण परक्याला वैयक्तिक नोंद देत नाहीत. कमिशनच्या नोंदीची छापील प्रत सोबत असेल तर लिपिकाचे काम निम्मे होते. नुसते 'आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते' असे पत्र गेले तर उत्तर नकारार्थीच येणार, कारण पट नावाने नाही, क्रमांकाने लावलेला असतो.

पणजोबा ३/५ चे असतील तर '२ पॅराला लिहू का' असे लोक विचारतात. १९४४ साली तो माणूस मराठा लाइट इन्फंट्रीच्या पटावर होता, पॅराशूट रेजिमेंट तेव्हा जन्मलीच नव्हती. सुरुवात बेळगावपासून करा.

---

तिरफळ

शेवटचा प्रश्न. घाडग्यांचा हुद्दा काही ठिकाणी हवालदार दिसतो. मरणोत्तर बढती वगैरे?

---

जुनी_पलटण

नाही. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार असा क्रम. सेक्शन नाईकाचे, हवालदार त्याच्या वर प्लॅटूनमध्ये. राजपत्र आणि कमिशनची नोंद, दोन्हीकडे नाईकच.

---

रानवाट

पहिल्या मजकुरात पलटणीचा पुढचा प्रवास, मोन्तोनेचे स्मारक आणि कासिनोचा खुलासा जोडतो. ज्यांच्याकडे ३/५ च्या जुलै १९४४ च्या डायरीची पाने असतील त्यांनी १० तारखेचे पान, परिशिष्टे आणि नकाशाच्या पत्रकाचा क्रमांक इथे टाकावा. ग्रिडचे रूपांतर नकाशावेडा करून देतील.

---

नकाशावेडा

देतो. पण पत्रकाचा क्रमांक हवाच.